सी ड्राइव्ह सामाईक

आमच्या घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. लग्नात, बारशात, पंगत उठल्यावर सुपारी कातरताना दादा हमखास सुरू करतो, "आमच्या सुवर्णानं एकदा काँप्युटरसाठी घरात संप केलता." मग भाचरं खिदळतात, दादाची बायको तोंडाला पदर लावते आणि कुणीतरी मला विचारतं, "आत्या, खरंच का हो?" मीही इतकी वर्षं हसल्यासारखं करत आले. आता पन्नाशी आली, गुडघे बोलायला लागले, आणि खोटं हसायचा मला कंटाळा आलाय. त्यात विनोद नव्हता. ज्याचं काही गेलं नाही त्यालाच ती गोष्ट विनोदी वाटते, आणि आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाचं काही गेलं नव्हतं. म्हणून जे घडलं ते, दादाचं तिखटमीठ न लावता, मी इथं लिहून ठेवते आहे.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडे, जतच्या रस्त्याला. आप्पा पलटणीतून सुभेदार होऊन घरी आले ते पलटण बरोबर घेऊनच. पहाटे अंगणात त्यांचे बूट वाजले की कोंबड्यासुद्धा शहाण्यासारख्या बाजूला व्हायच्या. आईची भाकरी थापण्याची पटपट, गोठ्यातल्या म्हशीचं ओरडणं आणि आप्पांचा रेडिओ, एवढ्या आवाजात आम्ही तीन भावंडं वाढलो: थोरला दादा, मधली मी आणि धाकटा पम्या. खायला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठरलेली. थंडीत हुलग्याच्या शेंगोळ्या. शेंगोळ्या वळायला आईबरोबर मी बसायची आणि पहिल्या वाफेचं ताट दोन्ही पोरांपुढे जायचं. तेव्हा त्याचं मला काही वाटत नसे, हे आता लिहितानासुद्धा लाज वाटते. मला वाटायचं, तशीच रीत असते.

आप्पांना वाटणीचं भारी वेड. ते आणि माझे चुलते वेगळे झाले तेव्हा पाच माणसं बसवून, दोरी टाकून एकेक वावर मोजलं होतं. विहीर एकच, तर पाण्याच्या पाळ्या ठरवल्या: तीन दिवस आमचे, तीन दिवस चुलत्यांचे, आणि एक दिवस विहिरीला विश्रांती. बांधावरचं लिंबाचं झाड पाडून वाटता येईना, तर फांद्या वाटल्या. पूर्वेकडच्या आमच्या, पश्चिमेकडच्या त्यांच्या. लोक हसायचे, पण आप्पा म्हणायचे, "भावाभावात भांडान नको आसंल तर बांध घालावा. बांध घाटला की मन साफ ऱ्हातं." या बाबतीत त्यांचं खरंही होतं. चुलत्यांशी आमचं कधी वाकडं आलं नाही. या सगळ्या मोजामोजीत आमच्या दोन आत्या कुठंच नव्हत्या, त्या दिवाळीला यायच्या आणि साडीचोळी घेऊन जायच्या. तेही मी तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं.

बारावीनंतर मी हट्ट करून सांगलीला, विश्रामबागेतल्या एका क्लासमध्ये काँप्युटरच्या डिप्लोमाला नाव घातलं. रोज सकाळची एसटी, परतताना दुपारची. आप्पांनी परवानगी दिली ती अटीवर. "ह्यो कोर्स पास झालीस तर फुडचं बघू. न्हाई झालीस तर गपगुमान इथल्या कुठल्या तरी चांगल्या घरात जायाचं. मग रडारड चालणार न्हाई. ऑर्डर म्हंजे ऑर्डर." डिप्लोमा झाला की क्लासच्या मॅडम मला तिथंच शिकवायला घेणार होत्या, तसं त्या तोंडानं बोलल्या होत्या. एका बाजूला ती खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला आटपाडीकडचं एक स्थळ, ज्याचा फोटो आप्पांनी आधीच ट्रंकेत आणून ठेवला होता. मुलगा वाईट असेल असं नाही, पण त्याला घरात काँप्युटर नको होता, त्याच्या थोरल्या वहिनीच्या हाताखाली चौथी सून हवी होती.

दुसऱ्या वर्षी आप्पांनी काँप्युटर घेतला. त्यासाठी मी किती दिवस मागं लागले होते ते मलाच ठाऊक, पण गावात त्यांनी सांगितलं ते "पोरांसाठी आणलाय." विश्रामबागेतल्या एका दुकानात जोडून घेतलेलं ते यंत्र, मांडीवर स्टॅबिलायझर घेऊन मी एसटीतून आणलं. बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं. त्यावर आईनं भरतकामाचा रुमाल टाकला, आणि आप्पांनी हळदकुंकू लावून नारळ फोडला. दुकानदारानं हार्ड डिस्क कोरीच दिली होती. मी त्याला म्हटलं होतं, मला येतं, मी घरी करते. तेवढी ऐट होती मला.

रविवार होता. वीज दुपारी बाराला आली. मी फ्लॉपी घालून मशीन चालू केलं, काळा पडदा आला आणि पांढरी अक्षरं. आप्पा मागं खुर्ची घेऊन बसले. "हे काय करतीस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की डिस्क एकच असली तरी तिचे भाग पाडायचे असतात. एका भागात मशीन चालवणारी सिस्टीम, दुसऱ्या भागात आपलं सामान. उद्या सिस्टीम बिघडली तर तेवढाच भाग पुसून नवा करायचा, बाकीच्यांना धक्का लागत नाही. आप्पांना समजावं म्हणून मीच म्हटलं, "मधी बांध घालायचा, आप्पा." ही माझी चूक. बांध म्हटल्यावर आप्पा खुर्चीतून उठलेच. इतके दिवस त्या यंत्राकडे ते परक्या माणसासारखे बघत होते, आता त्यांना त्यात ओळखीचं काहीतरी सापडलं. "आरं दादा! पम्या! या हिकडं. वाटणी चाललीया." समोरून चुलतेही आले, साक्षीला.

मग आप्पांनी वाटणी केली. सी म्हणजे घर. तिथं सिस्टीम राहील, देवघर-स्वयंपाकघरासारखी, सगळ्यांची. सामाईक. डी थोरल्याला, ई धाकट्याला. दोघांचं माप सारखं, इंचाचा फरक नको. "डिस्कची आग्नेय बाजू कुनाला?" असं चुलत्यांनी विचारलं, तेव्हा तर आप्पा गंभीरपणे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ह्याला दिशा नसतात, काका." आणि मग हळूच विचारलं, "आप्पा, आणि माझा?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही, ढोंग नव्हतं. "तुला कशाला? तू काय कायमची हितं ऱ्हाणार हाईस व्हय? तू वापर की सामाईकमधलं. तुला कोन न्हाई म्हनतंय?" दादा हसला. पम्या म्हणाला, "ताई, माझ्या ईमधी ठेव काय आसंल तर. इचारून ठेव, म्हंजे झालं." इचारून! त्या यंत्राला हात कसा लावायचा हे त्या घरात मला एकटीला येत होतं. माझ्या बोटांनी मी आकडे घातले, वीस टक्के सी, आणि उरलेल्याचे बरोबर निम्मेनिम्मे. मला तिथं आणखी एक एफ काढायला अर्धं मिनिट पुरलं असतं आणि मागं बसलेल्या चौघांपैकी कुणालाही कळलं नसतं. मी काढला नाही. आप्पा म्हणाले तसंच केलं. बाकी कशाहीपेक्षा मला या गोष्टीचा राग जास्त येतो, आणि तो गिळता येत नाही कारण तो माझाच आहे.

पुढं सहा-सात महिने त्या मशीनवर तिघांचा संसार सुखात चालला. दादाच्या डीमध्ये सिनेमातली गाणी, क्रिकेटचे फोटो आणि दूधसंस्थेची दोन पत्रं. पम्याच्या ईमध्ये मोटारी उडवायचे आणि माणसं मारायचे खेळ. डीमधून ईमध्ये काही गेलं तर दोघं परवानगी मागत, अगदी चुलत्यांची शेळी आमच्या वावरात आली की हाका मारतात तसं. मी सीमध्ये एका फोल्डरात राहत होते. त्यात माझा प्रोजेक्ट होता.

तो प्रोजेक्ट काय होता ते सांगते, म्हणजे गेलं ते काय हे कळेल. आमच्याकडे फेब्रुवारीपासून टँकर. कुठल्या वस्तीला कुठल्या दिवशी टँकर जायचा याची चिठ्ठी ग्रामपंचायतीत लागायची आणि तिच्यावरून दर आठवड्याला बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मी अकरा वस्त्या पायी फिरले. घरं किती, माणसं किती, जनावरं किती, टाकी कुठं, रस्ता कसा, सगळं वहीत लिहून आणलं. मग त्यावरून पाळ्या लावणारा एक प्रोग्राम लिहिला. एखादा टँकर चुकला तर पुढचा कुणाला आधी द्यायचा तेही तो सांगायचा. मॅडमनी तो बघून सबंध वर्गापुढं मला उभं केलं होतं. फ्लॉपीवर एक प्रत ठेवली होती, पण आमच्याकडची धूळ आणि त्या वेळच्या फ्लॉप्या, दोन महिन्यांत ती वाचेनाशी झाली आणि मी दुसरी आणायची आज-उद्या करत राहिले. प्रोजेक्ट द्यायला दहा दिवस उरले होते.

त्या दिवशी मी क्लासवरून आले तेव्हा आई उंबऱ्यात शेंगा निवडत होती. तिनं वर बघितलं नाही, तिथंच मला काहीतरी कळायला हवं होतं. आत दादा आणि पम्या खुशीत होते. पम्यानं मित्राकडून खेळाची सीडी आणली होती, तीतून व्हायरस शिरला आणि मशीन उठेना. दोघांनी कवठ्याहून एका मेकॅनिकला बोलावलं, त्यानं तासाभरात मशीन नवं करून दिलं.

"काय केलं त्यानं?" मी विचारलं.

"काय न्हाई गं. सी फॉरमॅट केला. नवी सिस्टीम टाकली. डी-ई जशेच्या तशे हाईत, एक गानं गेलं न्हाई," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "त्यानं विचारलं न्हाई? सीमधी कुणाचं काय हाय म्हणून?"

"इचारलं की. लय सज्जन मानूस. दोनदा इचारलं, सीमधी कुनाचं काय हाय का म्हणून. मी म्हनलं, कुनाचं काय न्हाई, ते सामाईक हाय."

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. दादाच्या मनात पाप नव्हतं, याची मला तेव्हाही खात्री होती आणि आजही आहे, आणि नेमका त्याचाच मला संताप येतो. त्यानं वाईटपणानं पुसलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. पण त्याला सात महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं की त्या सामाईकात त्याची बहीण राहते. ती रोज त्याच्या शेजारी बसून टाइप करत होती. त्यानं माझ्या हातचा चहा पीत पीत तो प्रोग्राम चालताना बघितला होता!

मी किंचाळले. आमच्या घरात मुलीचा असा आवाज पहिल्यांदाच निघाला असेल, म्हैससुद्धा गप्प झाली. आप्पा बाहेरून आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊं दे. एवढं काय त्यात? डोस्क्यात हाय न्हवं तुझ्या? परत लिव्ह." जणू शेणानं सारवलेली जमीन पावसानं उखडली, परत सारव. मी म्हटलं, "आप्पा, दादाचं गेलं असतं तर?" ते म्हणाले, "त्याचं कसं जाईल? त्याला वाटा हाय की." एवढं बोलून ते पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून नऊ दिवस मी पहिल्या एसटीनं विश्रामबागला गेले. मॅडमनी क्लासमधलं कोपऱ्यातलं एक मशीन मला दिवसभर दिलं आणि स्वतःच्या डब्यातली पोळी माझ्यापुढं सरकवत राहिल्या. वस्त्यांची वही होती म्हणून वाचले. प्रोग्राम पुन्हा उभा राहिला, पहिल्यासारखा देखणा नाही, पण चालणारा. मी पास झाले. आटपाडीचा फोटो ट्रंकेत राहिला. हे दादा सांगताना "शेवटी झालं की सगळं चांगलं" असं म्हणतो. चांगलं झालं ते मी केलं म्हणून, यांच्यामुळे नाही, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर मी घरच्या मशीनला हात लावला नाही. तोच तो संप. मला वाटलं नव्हतं की त्यानं इतकं अडेल. आप्पांना माजी सैनिकांच्या वस्तीला टँकर मिळावा म्हणून तहसीलदारांना अर्ज द्यायचा होता, आणि गावात मराठी टाइप करणारी मी एकटी. आप्पांनी हुकूम सोडला, मी भाकरी थापत राहिले. दादा बसला. अर्ध्या तासात त्यानं 'माननीय' एवढं लिहिलं आणि 'क्ष' कुठं असतो ते शोधत घामाघूम झाला. पम्यानं चूक करून अर्जच उडवला. शेवटी रविवारी दुपारी आप्पा चुलीपाशी येऊन उभे राहिले. ते चुलीपाशी कधी येत नसत.

"काय म्हनणं हाय तुझं? सरळ बोल. जादा बात नको."

मी पिठाच्या हातानंच बोलले. "मला माझा वाटा पायजे. तुमच्या दोघा पोरांइतकाच. एक कण कमी न्हाई."

"अगं, पर तू उद्या सासरी—"

"साकू!" आई म्हणाली. आईचं माहेर जतच्या पलीकडचं, राग आला की ती कानडीवर जायची, साकू म्हणजे पुरे, पण आप्पांसमोर तिचा राग आम्ही कधी बघितला नव्हता. तिनं तव्यावरची भाकरी तशीच ठेवली. "बास झालं आता. आवं, माज्या भावांनी मला बोलवून घेतलं, कागुद फुडं केला, आन् मी अंगठा दिला. हक्क सोडला म्हनत्यात त्याला. एक लुगडं दिलं. मला तवा वाटलं, माझंच तर घर हाय, जाईल कुटं? आता तितं गेलं की पोरंसोरं इचारत्यात, कुनाकडं आलाय म्हणून. ही आपली पोर हाय. तिचा काढा. आन्," तिनं पदराला हात पुसले, "माझाबी काढा."

पम्या हसला आणि आईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं हसू तिथंच वाळलं. आप्पा खरोखरच गोंधळले होते. "तू? तुला अक्षर येत न्हाई. तू काय ठेवणार त्यात?"

"काय न्हाई. रिकामा ठेवीन."

"रिकामा ठेवाय वाटा कशाला लागतो?"

"भाऊजींचा माळ वीस वर्सं पडीक हाय. कुसळं उगवत्यात. त्यो तेंच्याकडनं कुनी काढून घेतलाय व्हय?"

मग भाकरी करपल्याचा वास आला आणि ते म्हणाले, "काढ. चार काढ. सारखं."

(पुढं आप्पा वारल्यावर माझ्यापुढंही तसाच हक्कसोडीचा कागद आला होता. दादानं पेनचं टोपणसुद्धा काढून दिलं होतं. मी सही केली नाही. तेव्हापासून दादाच्या बायकोचं माझ्याशी बोलणं बेतासबात आहे, आणि काँप्युटरची गोष्ट तो जरा जास्तच रंगवून सांगतो.)

डी आणि ई मोडल्याशिवाय चार होणार नव्हते. म्हणून मी आधी दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, यातलं काय ठेवायचं, काय नको. एकेक गाणं, एकेक खेळ सीमध्ये हलवला. दूधसंस्थेची दोन पत्रंसुद्धा. माझ्या हातून त्यांचं तसूभर गेलं नाही, कारण मी विचारलं होतं. मग फ्लॉपी घातली, सी तसाच ठेवून बाकीचे जुने बांध मोडले आणि उरलेल्या जागेचे चार सारखे भाग पाडले. आप्पा मागं बसून आकडे वाचत होते. पंचवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस. भाग तयार करताना शेवटी मशीन प्रत्येकाला नाव विचारतं, इंग्रजीत, अकरा अक्षरांच्या आत. दादाचं घातलं, पम्याचं घातलं, माझं घातलं. चौथ्याला मी लक्ष्मीचं 'एल' दाबलं. आम्ही रेशनकार्डावर वाचलं होतं तेच आईचं नाव.

"काय लिवतीस?" आईनं मागून विचारलं.

"तुझं नाव. लक्ष्मी."

"ते हितलं. लग्नात ह्यांनी ठेवलेलं." तिनं ओल्या हातानं पडद्याकडं बोट केलं. "निंगव्वा लिव्ह."

मी वळून बघितलं. आप्पांनी मान खाली घातली होती, म्हणजे त्यांना माहीत होतं. मामा तिला अक्का म्हणत, गाव सुभेदारीणबाई म्हणायचं, आम्ही आई. मी 'एल' पुसला आणि आठ अक्षरं घातली. माझं वय तेव्हा वीस होतं. वीस वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लं, तिच्या कुशीत झोपले, आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. याचा राग कुणावर काढू ते मला आजही कळत नाही.